वजन उतरल्यावर कॅलरींची नोंद: कधी आणि कशी थांबवावी

वजन उतरवताना ज्यांनी अनेक महिने रोजच्या जेवणाची, चहाची आणि येता-जाता तोंडात टाकलेल्या शेंगदाण्यांचीसुद्धा ॲपमध्ये नोंद केली, त्यांना ठरवलेले वजन गाठल्यावर प्रश्न पडतो की हे आता किती दिवस चालवायचे. काहीजण त्याच दिवशी ॲप काढून टाकतात आणि पुढच्या दिवाळीपर्यंत उतरलेले बरेचसे वजन परत आलेले असते. काहीजण मात्र धास्तीपोटी वर्षानुवर्षे नोंद करत राहतात आणि लग्नाच्या पंगतीत पानात जिलबी पडली, की जेवायचे सोडून मनातल्या मनात बेरीज करू लागतात. माझ्या मते बहुतेकांनी रोजची नोंद थांबवावी. मात्र ती टप्प्याटप्प्याने थांबवावी आणि तिच्या जागी वजनकाटा व स्वयंपाकघरातली मोजकी ठरावीक मोजमापे बसल्यानंतरच थांबवावी. ते कसे करायचे, हे पुढे क्रमाने दिले आहे.

पहिली पायरी: आपण कोणत्या गटात आहोत ते तपासा

काही लोकांनी पुढच्या पायऱ्यांची वाट न पाहता नोंद थांबवायला हवी. आईने किंवा सासूबाईंनी केलेली भाजी मोजता येत नाही म्हणून ती टाळणे, कालचा आकडा ओलांडला म्हणून आज एकादशीचे निमित्त करून उपाशी राहणे, एकदम भरमसाट खाऊन नंतर उलटी काढणे, पाळी अनियमित होणे किंवा थांबणे, ही लक्षणे दिसत असतील, तर प्रश्न कॅलरींचा राहिलेला नसतो. अशा वेळी डॉक्टरांकडे जावे आणि शक्य असल्यास मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. अमेरिकेत २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खाण्याच्या विकारांचे निदान झालेल्या १०५ जणांना विचारले असता, सुमारे तीन-चतुर्थांश जणांनी कॅलरी मोजण्याचे एक लोकप्रिय ॲप वापरले असल्याचे सांगितले आणि त्यांपैकी ७३ टक्क्यांना आपल्या विकाराला त्या ॲपने हातभार लावल्याचे वाटत होते. हे रुग्णांचे स्वतःचे मत आहे, त्यावरून ॲपमुळे विकार जडतो असे सिद्ध होत नाही; पण ज्यांचा कल त्या दिशेला आहे, त्यांनी आकड्यांपासून दूर राहावे, एवढे म्हणायला ते पुरेसे आहे.

दुसरा गट इन्सुलिन किंवा रक्तातली साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांचा. त्यांची पिष्टमय पदार्थांची मोजणी औषधाच्या मात्रेशी बांधलेली असते, त्यामुळे ती स्वतःच्या मनाने बंद करू नये. तिसरा गट सेमाग्लुटाइडसारख्या इंजेक्शनांवर वजन उतरवलेल्यांचा. या औषधाच्या एका मोठ्या चाचणीत औषध बंद केल्यानंतर वर्षभरात, उतरलेल्या वजनापैकी सरासरी दोन-तृतीयांश वजन परत आले होते. म्हणून औषध कमी करणे आणि नोंद थांबवणे ही दोन कामे एकाच महिन्यात करू नयेत. आधी एक स्थिरावू द्यावे आणि मग दुसऱ्याला हात घालावा.

दुसरी पायरी: वजन परत का येते ते समजून घ्या

ही पायरी वाचण्यापुरतीच आहे, पण ती गाळली तर पुढची खटपट अनावश्यक वाटेल. वजन उतरलेले शरीर कमी ऊर्जा खर्च करते आणि त्याच वेळी अधिक भूक लावते. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील केव्हिन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली मांडलेल्या अंदाजानुसार, उतरलेल्या प्रत्येक किलोमागे रोजचा खर्च २० ते ३० कॅलरींनी घटतो, तर भुकेची मागणी मात्र सुमारे १०० कॅलरींनी वाढते. म्हणजे पाच किलो उतरवलेल्या माणसाचा खर्च शंभर-दीडशे कॅलरींनी कमी झालेला असतो आणि पोट मात्र पूर्वीपेक्षा पाचशे कॅलरी जास्त मागत असते. मेलबर्नमध्ये झालेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, वजन उतरल्यानंतर वर्ष लोटले तरी भूक नियंत्रित करणारी संप्रेरके पूर्वस्थितीला आलेली नव्हती. वजन परत येते तेव्हा घरात ‘मनावर ताबा नाही’ असे शेरे ऐकू येतात, ते या दृष्टीने अन्यायाचेच म्हणायला हवेत.

याचा अर्थ असा, की केवळ भुकेच्या भरवशावर जेवू लागल्यास वजन वाढण्याची शक्यता अधिक असते आणि कोणता तरी पहारा दीर्घकाळ ठेवावाच लागतो. तो पहारा कॅलरींचाच असावा का, हा खरा प्रश्न आहे. अमेरिकेत रीना विंग आणि जेम्स हिल यांनी १९९४ मध्ये एक नोंदवही सुरू केली. किमान ३० पौंड, म्हणजे साडेतेरा किलोंहून थोडे जास्त वजन उतरवून ते निदान वर्षभर टिकवलेल्या लोकांनाच तिच्यात प्रवेश मिळतो. या लोकांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश जण आठवड्यातून किमान एकदा वजन करतात आणि बहुतेकजण रोज सरासरी तासभर व्यायाम करतात. ही मंडळी आपणहून नाव नोंदवणारी, अर्थातच मुळात शिस्तीची, त्यामुळे वजन केल्यानेच वजन टिकले असा निष्कर्ष त्यावरून काढता येत नाही. परंतु विंग यांनीच २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हा मुद्दा थेट तपासला गेला. वजन उतरवलेल्या ३१४ जणांपैकी काहींना रोज वजन करून त्यानुसार आहार व व्यायामात बदल करायला प्रत्यक्ष भेटींत शिकवले गेले. दीड वर्षाने त्यांच्यापैकी ४६ टक्के लोकांचे वजन २.३ किलो किंवा त्याहून अधिक वाढलेले आढळले, तर ज्यांना फक्त माहितीपत्रके पाठवली होती, त्यांच्यात हे प्रमाण ७२ टक्के होते. यश निर्भेळ नाही, पण फरक मोठा आहे.

कॅलरींच्या नोंदीचे काय? तिचा उपयोग आहे, पण ती आपल्याला वाटते तितकी अचूक नसते. न्यूयॉर्कमध्ये झालेल्या १९९२ सालच्या एका प्रसिद्ध अभ्यासात ‘आम्ही कमी खातो तरी वजन उतरत नाही’ असे सांगणाऱ्या दहा जणांचे मोजमाप केले गेले, तेव्हा त्यांनी खाल्लेले अन्न ४७ टक्क्यांनी कमी आणि केलेले श्रम ५१ टक्क्यांनी अधिक नोंदवल्याचे निघाले. यात लबाडीचा भाग नव्हता. अंदाज असेच चुकतात. ॲपमधली ‘एक वाटी आमटी’ कोणाच्या घरची, पातळ की दाट, खोबरे-कूट घातलेली की नुसत्या फोडणीची, हे ॲपला कळण्याची सोय नाही. नोंदीमुळे खाण्याकडे लक्ष राहते, हा तिचा मोठा फायदा आहे. दिवसाअखेर ॲपमध्ये दिसणारा १,६४७ सारखा आकडा मात्र तितका पवित्र मानू नये.

तिसरी पायरी: वजन टिकवणारा आहार शोधा

वजन उतरवताना आपण गरजेपेक्षा कमी खात असतो. नोंद थांबवण्याआधी, वजन ज्यावर स्थिर राहते तो आहार कोणता हे नोंद चालू असतानाच शोधून काढले पाहिजे, आणि नेमका हाच भाग बहुतेक लोक गाळतात. रीत सोपी आहे. दर आठवड्याला रोजच्या आहारात साधारण १०० कॅलरी वाढवाव्यात, म्हणजे तीस ग्रॅम कणकेची एक जास्तीची पोळी, किंवा शिजलेल्या भाताची छोटी वाटी, किंवा अर्धी वाटी घट्ट वरण. यांतले वरण मी आधी सुचवीन, कारण आपल्याकडच्या शाकाहारी ताटात प्रथिने बहुधा कमीच असतात आणि प्रथिनांनी पोट अधिक वेळ भरलेले राहते.

पहिल्या एक-दोन आठवड्यांत वजन अचानक किलोभर वाढलेले दिसेल. तेव्हा घाबरून मागे फिरू नये. पिष्टमय पदार्थ वाढले की शरीर स्नायूंत आणि यकृतात ग्लायकोजेन हा साखरेचा राखीव साठा करते आणि प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवते, त्यामुळे ही वाढ चरबीची नसते. आठवड्याची सरासरी सलग चार ते सहा आठवडे जवळपास एकाच जागी राहिली, की आपला आहार सापडला असे समजावे. सगळे मिळून याला दोन-तीन महिने लागतात आणि ते महिने वाया गेले असे मानू नये.

चौथी पायरी: ॲपमधले ज्ञान स्वयंपाकघरात उतरवा

नोंद करताना जे शिकलो ते फोनमध्येच राहिले, तर फोन बाजूला ठेवल्यावर हातात काहीच उरत नाही. म्हणून मागच्या दोन-तीन महिन्यांच्या नोंदी चाळून घरात पुन्हा पुन्हा होणारे पंधरा-वीस पदार्थ वहीत उतरवावेत. बहुतेक घरांत एवढेच पदार्थ आलटून पालटून होत असतात. आपल्या नेहमीच्या वाटीत किती मिलिलिटर मावते, हे एकदा पाणी भरून मोजावे, कारण एका घरची वाटी शंभरची तर दुसऱ्या घरची दोनशेची असते. आमटी वाढण्याचा डाव, तेलाच्या बरणीतला चमचा आणि भाताची मूद यांचीही एकदाच मोजणी करावी. कढईभर भाजीचा हिशेब करायचा असेल, तर कच्चा माल व तेल यांची एकूण कॅलरी काढून तिला शिजलेल्या भाजीच्या वजनाने भागावे. प्रत्येक भाजीला हे एकदा केले की पुरते.

मोजमाप कायम ठेवायचे ते मोजक्याच वस्तूंचे, आणि आपल्या स्वयंपाकात त्या वस्तू म्हणजे तेल, तूप, दाण्याचे कूट, सुके खोबरे आणि साखर. पाच मिलिलिटरच्या एका सपाट चमच्यात तेलाच्या साधारण ४० कॅलरी असतात. दहा ग्रॅम कूट म्हणजे ५० ते ६० कॅलरी, आणि भाजीत ‘थोडेसे’ म्हणून घातलेले कूट तीस ग्रॅम कधी होते ते कळत नाही. सुके खोबरे तर १०० ग्रॅममागे ६०० कॅलरींच्याही पुढे जाते. याउलट काकडी, कोबी, दोडका, पालेभाज्या यांची ग्रॅमवारी करण्यात वेळ घालवण्याचे कारण नाही. त्यांच्या फोडणीकडे लक्ष द्यावे. ज्वारीच्या भाकरीबद्दल एक गैरसमज मात्र इथे दूर करतो. भाकरीला तेल लागत नाही हे खरे, पण पन्नास ग्रॅम पिठाच्या भाकरीत १७० च्या आसपास कॅलरी असतातच, आणि ‘भाकरी चालते’ म्हणून तीन खाल्ल्या तर गणित चुकणारच.

तेलावर लक्ष ठेवण्याची सर्वांत सोपी युक्ती रोज चमचे मोजण्याची नसून महिन्याचे किराणा बिल पाहण्याची आहे. एक लिटर तेलाचे वजन सुमारे ९१० ग्रॅम आणि त्यात साधारण ८,२०० कॅलरी. चार माणसांच्या घरात ते तीस दिवसांत संपले, तर माणशी रोजच्या जवळपास ६८ कॅलरी झाल्या. तेच घर महिन्याला चार लिटर तेल वापरत असेल, तर माणशी रोज २७० कॅलरी नुसत्या तेलाच्या होतात, आणि त्यात बाहेरचे वडे, फरसाण, मिसळीवरची तर्री धरलेली नसते. स्वयंपाक दुसरे कोणी करत असेल, तर प्रत्येक फोडणीच्या वेळी शेजारी उभे राहून नजर ठेवण्यापेक्षा महिन्याचे तेल किती आणायचे हे सर्वांनी मिळून ठरवावे. नातीही त्याने बरी राहतात.

पाचवी पायरी: नोंद उतरत्या क्रमाने कमी करा

पहिल्या पंधरवड्यात नोंद रोजचीच ठेवावी, पण क्रम उलटा करावा: जेवणाआधी वहीत अंदाज लिहावा आणि नंतर मोजून ताडून पाहावे. अंदाज आणि मोजणी यांत दिवसाला शे-दीडशेच्या आत फरक येऊ लागला, की नजर तयार झाली. पुढचा महिनाभर आठवड्यातले तीनच दिवस नोंद करावी आणि त्यांत एक रविवार हवाच, कारण अनेकांचे वजन सोमवार ते शुक्रवारच्या डब्याने वाढत नाही, शनिवार-रविवारच्या जेवणाने वाढते. त्यानंतर महिनाभर फक्त एकाच जेवणाची नोंद ठेवावी. ज्या वेळी हात सैल सुटतो तीच वेळ निवडावी; कोणाचे ते रात्रीचे जेवण असते, तर कोणाचा संध्याकाळचा चहा. शेवटी नोंद पूर्ण थांबवावी.

यातला कोणता टप्पा अवघड गेला, तर तिथेच आणखी दोन आठवडे थांबावे. नोंद न केल्याची रुखरुख पहिले काही दिवस सर्वांनाच लागते. ती महिनाभरानंतरही कमी झाली नाही, तर पहिली पायरी पुन्हा वाचावी.

सहावी पायरी: वजनकाट्याची रेषा ठरवा

सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी, त्याच काट्यावर आणि साधारण सारख्याच कपड्यांत वजन करावे. रोज केले तर आठवड्याची सरासरी काढावी. रोजचा आकडा मनाला लागत असेल, तर आठवड्यातून एकदा ठरलेल्या वारी करावे. खारट जेवण, बद्धकोष्ठ, पाळीचे दिवस, लांबचा प्रवास यांमुळे वजन किलो-दीड किलोने सहज खालीवर होते. म्हणून एका दिवसाच्या आकड्यावर निर्णय घेऊ नये.

वर उल्लेखिलेल्या २००६ सालच्या प्रयोगात वापरलेली रंगांची पद्धत घरी जशीच्या तशी चालते. ठरवलेल्या वजनाच्या वर साधारण १.३ किलोपर्यंत हिरवा पट्टा, त्याच्या पुढे २.३ किलोच्या आत पिवळा आणि २.३ किलो किंवा अधिक झाले की लाल. हिरव्यात काही करायचे नाही, आणि हे ‘काही न करणे’सुद्धा शिकावे लागते. सरासरी पिवळ्यात गेली, तर तेल, गोड आणि बाहेरचे खाणे यांकडे पाहावे आणि चालणे वाढवावे. सरासरी सलग दोन आठवडे लाल पट्ट्यात राहिली, तर ॲप पुन्हा उघडून चौदा दिवस पूर्ण नोंद करावी. त्यातून गळती कुठे आहे ते बहुधा पहिल्या चार दिवसांतच सापडते. वजन पुन्हा हिरव्यात आल्यावर नोंद परत बंद करावी. पुन्हा नोंद करावी लागली म्हणजे आपण हरलो, असे समजू नये.

काट्याबरोबर कंबरेची फीतही महिन्यातून एकदा लावावी. भारतीय शरीरात कमी वजनातही चरबी जास्त असू शकते, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनामुळे जगाला ठाऊक झाले. त्यांनी स्वतःची तुलना एका ब्रिटिश सहकाऱ्याशी केली होती: दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) २२.३, पण सहकाऱ्याच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. भारतीयांसाठी कंबरेची मर्यादा पुरुषांना ९० आणि स्त्रियांना ८० सेंटीमीटर धरली जाते. वजन स्थिर असूनही कंबर वाढत असेल, तर स्नायू घटत आहेत का याचा विचार करावा आणि वजने उचलण्याचा व्यायाम सुरू करावा.

सणवार, उपवास आणि परदेश

दिवाळीचे चार दिवस आणि घरचा गणपती यांत नोंद करू नये. वजन त्या चार दिवसांनी वाढत नाही. फराळाचे डबे पुढे महिनाभर ओट्यावर राहतात, त्यांनी वाढते. भाऊबीज झाली की उरलेला फराळ वाटून टाकावा. उपवासाच्या बाबतीत मात्र सावध राहावे. पन्नास ग्रॅम साबुदाणा, वीस ग्रॅम कूट, दोन चमचे तूप आणि बटाट्याच्या फोडी एवढ्यात खिचडीची एक बशी चारशे कॅलरींच्या घरात जाते, आणि उपवासाला कोणी एका बशीवर थांबत नाही. भगर आणि ताक हा पर्याय हलका पडतो, अर्थात भगरीसोबतची दाण्याची आमटी बेताची घेतली तरच.

काहींनी नोंद पूर्ण न थांबवणेच योग्य. वजनगटात खेळणारे कुस्तीगीर आणि मुष्टियोद्धे यांचे कारण उघड आहे. पण ज्यांची उंची आणि वजन दोन्ही कमी आहेत, अशा बैठ्या कामाच्या स्त्रियांचाही विचार करावा लागतो. रोजची गरजच जेमतेम १,५०० किंवा १,६०० कॅलरींची असेल, तर दोनशेची चूक म्हणजे त्या गरजेचा आठवा हिस्सा किंवा त्याहून जास्त होतो. अशांनी दर महिन्याला तीन दिवसांची नमुना-नोंद ठेवावी. ज्यांना नोंदीचा कसलाच जाच होत नाही आणि पाच मिनिटांत ती उरकते, त्यांनी ती खुशाल चालू ठेवावी.

आयुष्यात मोठा बदल झाला, की तिसऱ्या पायरीपासून थोडक्यात पुन्हा सुरुवात करावी: गुडघ्याची शस्त्रक्रिया, रजोनिवृत्ती, घरून काम सुरू होणे, वसतिगृहाची खाणावळ. बाळंतपण आणि स्तनपानाच्या काळात मात्र स्वतःहून कॅलरी कमी करू नयेत, डॉक्टरांना विचारावे. परदेशी जाणाऱ्यांनी भांडी आणि वेष्टने दोन्ही नव्याने शिकावीत. अमेरिकेत पाककृतीतला कप साधारण २४० मिलिलिटरचा असतो, त्यामुळे ‘एक कप भात’ म्हणजे आपल्या घरच्या वाटीपेक्षा बराच जास्त भात भरतो. ऑस्ट्रेलियात वेष्टनावर ऊर्जा किलोज्यूलमध्ये दिलेली असते, तिला ४.२ ने भागले की कॅलरी मिळतात. भारतातल्या वेष्टनांवर आकडे सहसा १०० ग्रॅमचे असतात आणि पुडा बहुधा तेवढ्याच वजनाचा नसतो, म्हणून आधी पुड्याचे निव्वळ वजन वाचावे आणि मग कॅलरी पाहाव्यात.